नाइस की रिअल-टाइम? लिनक्समध्ये प्रोग्रॅमला प्राधान्य देताना

नाइस म्हणजे प्रोसेसरचा वेळ वाटताना प्रोग्रॅमला दिलेला प्राधान्याचा आकडा. त्याची पट्टी -२० ते १९. आकडा जितका कमी, तितका प्रोसेसरचा वाटा जास्त. सुरुवातीला सहसा सगळे प्रोग्रॅम ० वर. वाटा कमी झाला तरी प्रोग्रॅम उपाशी राहत नाही, आणि प्रोसेसर रिकामा असेल तर १९ वालाही पूर्ण वेगाने धावतो. म्हणून बॅकअप, व्हिडिओ रूपांतर, मोठं कंपायलेशन अशा कामांना मी डोळे झाकून १९ देतो. आकडा वाढवायला कुणाची परवानगी लागत नाही. कमी करायला मात्र सहसा रूटचे (मुख्य प्रशासकाचे) अधिकार हवेत.

रिअल-टाइमचं, म्हणजे साध्या प्रोग्रॅमच्या आधी प्रोसेसर मिळवून देणाऱ्या प्राधान्याचं, गणित वेगळं. इथे १ ते ९९, आणि मोठा आकडा वरचढ. फिफो (आधी येईल तो आधी) धोरणातला प्रोग्रॅम स्वतः थांबेपर्यंत किंवा त्याहून वरचा येईपर्यंत प्रोसेसर सोडतच नाही. त्यात अनंत लूप अडकला तर प्रोसेसरचा तो कोअर (गणन करणारा भाग) जवळजवळ हातचा गेला. कर्नल (लिनक्सचा गाभा) साध्या कामांसाठी साधारण ५ टक्के वेळ राखतो, तेवढाच आधार. थेट ध्वनिमुद्रण, यंत्रनियंत्रण अशा, क्षणाचाही उशीर न चालणाऱ्या कामांसाठीच हे वापरावं. नुसतं ‘प्रोग्रॅम हळू चालतो’ म्हणून कृपया नको. अडचण डिस्कची असेल, तर दोन्हींपैकी कशानेच फारसा फरक पडणार नाही.