फ्लॅनेल बोर्डवरच्या बायबलकथा : बालवर्गात आणि घरी अनेक महिने वापरल्यानंतर

आमच्या मंडळीच्या (चर्चच्या) शब्बाथ शाळेने, म्हणजे रविवारी भरणाऱ्या बायबलवर्गाने, तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी फ्लॅनेल बोर्ड (लवदार कापड चढवलेला फळा) आणि कापडी चित्रांचा एक संच घेतला. तो बालवर्गात रुळल्यावर तसाच दुसरा संच मी घरीही आणला. दोन्ही ठिकाणी तो आता बरेच महिने वापरात आहे. असा संच घ्यावा की नाही, या विचारात असलेल्या शिक्षकांना आणि आईवडिलांना उपयोग व्हावा, म्हणून हा अनुभव जरा सविस्तर लिहीत आहे. माझे मत आधीच सांगते. मोठ्यांनी गोष्ट दाखवण्याचे साधन म्हणून हा संच साधारणच आहे. परंतु ऐकलेली गोष्ट मुलांनी स्वतः परत सांगण्याचे साधन म्हणून मला आजवर याहून चांगले काही मिळालेले नाही.

संचात दुमडता येणारा एक बोर्ड, आकाश, पाणी, डोंगर, वाळवंट आणि घराचा आतला भाग अशी फ्लॅनेलवर छापलेली पार्श्वभूमीची कापडे, माणसे, प्राणी आणि वस्तू यांची फेल्टची चित्रे, आणि प्रत्येक कथेचा मजकूर असलेली एक पुस्तिका एवढ्या गोष्टी येतात. फ्लॅनेलची लव आणि फेल्टचे तंतू एकमेकांना धरतात, त्यामुळे गोंद, टाचण्या किंवा चुंबक यांची गरज पडत नाही, आणि तीन वर्षांच्या मुलालाही चित्र लावता आणि काढता येते. बोर्ड भिंतीला अगदी उभा टेकवला तर मोठी चित्रे हळूहळू घसरतात आणि ऐन गोष्टीच्या मध्यावर दाविदाशी लढणारा राक्षसी योद्धा गल्याथ खाली पडतो. म्हणून वरची कड थोडी मागे कललेली राहील अशा बेताने तो ठेवावा. पंख्याच्या थेट झोताखाली मात्र कितीही कलवला तरी उपयोग होत नाही.

बालवर्गातील वापर आणि घरातील वापर यांत मोठा फरक आहे. वर्गात मुलांची वये वेगवेगळी असतात, काही मुले नवीन असतात, एखादे रडत असते, आणि सगळ्यांचे लक्ष एकाच वेळी गोष्टीकडे असण्याचा काळ फार थोडा असतो. या वयाच्या मुलांना सात-आठ मिनिटांपेक्षा लांब गोष्ट पेलत नाही, असा माझा अंदाज आहे. पुस्तिकेतील बहुतेक कथा वाचायला याच्या दुप्पट वेळ लागतो, शिवाय त्यांची भाषा उपदेशाकडे झुकणारी आहे. म्हणून पुस्तिका वर्गात उघडूच नये. बायबलमधील मूळ भाग आदल्या दिवशी दोन-तीनदा वाचावा आणि गोष्ट तोंडी सांगावी. वर्गात प्रत्येक मुलाला एकेक चित्र हातात देऊन, गोष्टीत त्याची वेळ आली की त्यानेच ते बोर्डवर लावायचे, ही रीत आमच्याकडे टिकली. तिचा एक तोटा असा की, सिंहांच्या गुहेत टाकलेल्या दानीएलाच्या गोष्टीत सिंह सगळ्यांनाच हवे असतात आणि राजा दारयावेश कोणालाच नको असतो.

कोणती गोष्ट या साधनावर खुलते, हे आधीपासून ओळखता येते. ज्या गोष्टीत एखादी कृती किंवा वाक्य पुन्हा पुन्हा येते, ती लहान मुले पहिल्याच वेळी धरतात, आणि बायबलमध्ये अशा गोष्टी विपुल आहेत. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात संध्याकाळ होते, सकाळ होते आणि दिवस मोजला जातो. तिसऱ्या दिवसापर्यंत मुले ते आपणहून म्हणू लागतात. इस्राएली लोकांना यरीहो शहराच्या तटाभोवती सहा दिवस रोज एकदा आणि सातव्या दिवशी सात वेळा फेरी घालायची असते, तेव्हा बोर्डभोवती याजकांची चित्रे फिरवण्यासाठी रांग लागते. बाळ शमुवेल देवाची हाक ऐकून तीनदा वृद्ध याजक एलीकडे धावतो आणि चौथ्या हाकेला उत्तर देतो. एली प्रत्येक वेळी त्याला परत निजायला सांगतो, हे मुलांना इतके पटते की वर्गातील एक चिमुरडी एलीच्या आवाजात स्वतःच्या आईला दामटून निजवते, असे तिच्या आईने सांगितले. कुष्ठरोगी सेनापती नामान यार्देन नदीत सात वेळा बुडी मारतो ती गोष्ट तर केवळ मोजण्यासाठी म्हणूनही सांगावी. त्या गोष्टीत नामानाला बरे होण्याची वाट दाखवणारी एक लहान मुलगी आहे, दासी आहे, आणि बायबलने तिचे नावही दिलेले नाही. मुलांना ती लगेच आपल्यातली वाटते. संचात मात्र नामानाची गोष्ट नाही, येशूने मरणातून उठवलेल्या याईराच्या बारा वर्षांच्या मुलीची नाही, आणि एकूण स्त्रिया व मुली फारच कमी आहेत. उरलेल्या फेल्टमधून त्या दासीचे आणि नामानाचे चित्र मी घरी कापले. छापील चित्रांच्या शेजारी ते ओबडधोबड दिसते, पण मुलांनी त्याबद्दल कधी तक्रार केलेली नाही.

घरी या संचाचा उपयोग निराळ्या रीतीने होतो आणि माझ्या मते तोच अधिक मोलाचा आहे. रविवारी वर्गात सांगितलेली गोष्ट आठवडाभर घरी बोर्डवर लावलेली राहते आणि मूल जाता-येता तिच्यात हात घालते. बायबलमधील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात देवाची वचने मुलांच्या मनावर बिंबवायला सांगितले आहे, आणि घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना त्यांच्याविषयी बोलत जावे, असे म्हटले आहे. आठवड्याला एक तास चालणाऱ्या वर्गाकडून ते काम होणे शक्य नाही, हे वर्ग घेणाऱ्यांनी मान्य केलेले बरे. आम्ही आता पालकांना वर्गातील बोर्डचा एक फोटो पाठवतो आणि तीच गोष्ट घरी सांगण्याची विनंती करतो. एकच गोष्ट लागोपाठ तीन-चार रविवार घ्यावी, यावर सुरुवातीला काही शिक्षकांचा आक्षेप होता, कारण पुस्तिका दर आठवड्याला नवी गोष्ट देते. मुलांचा आक्षेप कधीच नव्हता. ऐकलेलीच गोष्ट पुन्हा मागण्यात या वयाला जो आनंद असतो, तो अभ्यासक्रम पुढे सरकवण्यासाठी मोडून काढणे मला योग्य वाटत नाही.

हरवलेल्या मेंढराच्या दाखल्याचे (येशूने सांगितलेल्या बोधकथेचे) उदाहरण यासाठी सांगण्यासारखे आहे. लूकच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात मेंढरे शंभर आहेत. संचात ती दहा आहेत, आणि तेवढी पुरतात. घरी माझ्या चार वर्षांच्या मुलाने एक मेंढरू बोर्डच्या मागे लपवले आणि मेंढपाळाला डोंगराच्या कापडावरून इकडून तिकडे फिरवायला सुरुवात केली. मी चटकन मेंढरू काढून देऊ लागले, तर त्याने माझा हात धरला आणि म्हणाला, “अजून नाही सापडलं. त्याला अजून शोधू दे.” मग मेंढपाळाला पाण्याच्या कापडावरूनही नेले, रात्र झाली म्हणून निजवले, परत उठवले, आणि बऱ्याच वेळाने मेंढरू खांद्यावर ठेवून तो घरी आला. दुसऱ्या दिवशी हरवलेले मेंढरू दुसरे होते. त्यानंतर बाकीची आठ मेंढरेही पाळीपाळीने हरवली. दाखल्यातील शोध आणि सापडल्याचा आनंद ही दोन्ही अंगे त्याने स्वतः धरली होती, आणि त्यावर मी समजावून सांगावे असे काही उरले नव्हते. सोफिया कव्हालेत्ती आणि जान्ना गोब्बी यांनी 1954 साली रोममध्ये मॉन्टेसरी पद्धतीच्या आधाराने लहान मुलांच्या धर्मशिक्षणाची जी रीत सुरू केली, तिच्यात तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी उत्तम मेंढपाळाचा दाखला केंद्रस्थानी आहे आणि मुले मेंढपाळ व मेंढरे यांच्या प्रतिकृती स्वतःच्या हातांनी हलवतात. त्या रीतीमागचे कारण मला पुस्तकांपेक्षा या दहा मेंढरांनी अधिक नीट समजावले.

यामुळेच पुस्तिकेविषयी माझी सर्वांत मोठी तक्रार आहे. तिच्यातील प्रत्येक कथेच्या शेवटी ‘आपण काय शिकलो’ असा एक चौकोन आहे आणि त्यातील उत्तर बहुतेक वेळा आईवडिलांचे ऐकावे, खोटे बोलू नये किंवा वाटून खावे असेच निघते. ही शिकवण चुकीची नाही, परंतु जक्कय या जकातदाराची गोष्ट सांगून झाल्यावर, लोक ज्याला टाळत होते त्याच्याच घरी येशू उतरायला गेला ही थक्क करणारी गोष्ट बाजूला ठेवून, मुलांकडून पैसे परत करण्याचा धडा वदवून घेणे हा त्या गोष्टीवर अन्याय आहे. मुलांना उंबराच्या झाडावर चढलेला बुटका माणूस आवडतो, येशूने वर पाहून त्याला नावाने हाक मारली हे आवडते, आणि तिथे थांबले तरी पुष्कळ झाले. त्या चौकोनांवर मी कागद चिकटवून टाकले आहेत.

कथांच्या निवडीतही विवेक दिसत नाही. अब्राहाम आपल्या मुलाला, इसहाकाला, होमार्पणासाठी (बळी देण्यासाठी) नेतो ती गोष्ट आज्ञापालनाचा नमुना म्हणून या वयासाठी दिलेली आहे, सुरीच्या चित्रासह. चार वर्षांचे मूल ती गोष्ट अब्राहामाच्या बाजूने ऐकत नाही, इसहाकाच्या बाजूने ऐकते. ती काही वर्षांनी सांगावी. नोहाच्या गोष्टीत तारू, प्राणी आणि मेघधनुष्य यांची चित्रे सुरेख आहेत, परंतु बाकीची माणसे कुठे गेली, हा प्रश्न कोणीतरी विचारतेच, आणि त्याविषयी पुस्तिका गप्प आहे. प्रश्न आला की मी थोडक्यात खरे सांगते: ती पाण्यात मेली, देवाला वाईट वाटले होते, आणि पुन्हा अशा जलप्रलयाने पृथ्वीचा नाश करणार नाही, असे वचन त्याने दिले. प्रश्न आला नाही तर तो भाग मी आपणहून काढत नाही. दाविदाच्या गोष्टीत संचाने पाच गुळगुळीत गोटे आणि गोफण दिली आहे, तलवार आणि शिरच्छेद वगळला आहे, ते ठीकच केले.

येशूच्या वधस्तंभावरील मरणाच्या गोष्टीबाबत पालकांचे दुमत होते. काहींना ती इतक्या लहान वयात नकोच होती. आमच्या अनुभवात ती चार-पाच वाक्यांत, रक्ताचे आणि खिळ्यांचे वर्णन न करता सांगितली, आणि त्याच बैठकीत पुनरुत्थानापर्यंत नेली, तर मुले भीत नाहीत. मात्र शुक्रवारी अर्धी सांगून रविवारपर्यंत ठेवू नये. संचातील कबरेच्या तोंडावरची गोल धोंड बाजूला सारता येते आणि आत केवळ घडी केलेले कापड दिसते. सगळ्या संचात हे चित्र सर्वाधिक वेळा हाताळले गेले आहे आणि त्याची कड आता विरली आहे.

चित्रांच्या खरेपणाबद्दल दोन शब्द लिहिले पाहिजेत. येशूचे केस सोनेरी आणि कांती गुलाबी दाखवली आहे, जणू गालील समुद्र उत्तर युरोपात होता. सिंहांच्या गुहेतील दानीएल तरुण दाखवला आहे. राजा नबुखद्नेस्सराच्या काळी बाबेलात (बॅबिलोनला) नेलेला दानीएल दारयावेशाच्या कारकिर्दीपर्यंत वृद्ध झाला असणार, आणि म्हातारे आजोबा सिंहांमध्ये निवांत बसले आहेत हे मुलांना अधिकच आवडले असते. नाताळच्या पानावर तीन मागी (पूर्वेकडून आलेले ज्ञानी लोक) गोठ्यात उभे आहेत. मत्तयने आपल्या शुभवर्तमानात त्यांची संख्या सांगितलेली नाही आणि ते घरात आले असे लिहिले आहे. मुलांना यातील काही खटकत नाही, परंतु लहानपणी पाहिलेले चित्र पुढे वाचलेल्या मजकुरापेक्षा जास्त टिकते, म्हणून चित्रकाराने अध्याय एकदा वाचायला हवा होता.

संचासोबत मोबाइलवर पाहण्याच्या चलचित्र कथाही मिळतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली दिलेल्या सूचनांनुसार तीन-चार वर्षांच्या मुलांनी बसून पडदा पाहण्याचा वेळ दिवसाला 1 तासापेक्षा जास्त नसावा, आणि कमी असेल तितके चांगले. तो हिशेब बाजूला ठेवला तरी, चलचित्र पाहिल्यानंतर मुले त्यातील गाणे म्हणतात, गोष्ट सांगत नाहीत, असे मला वारंवार दिसले. प्रवासात किंवा आजारपणात ती लावायला हरकत नाही.

टिकाऊपणाच्या बाबतीत फेल्टची चित्रे चांगली निघाली, परंतु मेंढपाळाची काठी, गोफणीची दोरी, उंटाचे पाय असे बारीक भाग लवकर वाकतात. बोर्डवर धूळ आणि केस बसले की पकड कमी होते. मऊ ब्रशने लव एका दिशेने झाडली की ती परत येते. धुण्याचा प्रयोग करू नये, पार्श्वभूमीचा रंग उतरतो. प्रत्येक कथेची चित्रे वेगळ्या पाकिटात ठेवून पाकिटावर कथेचे चित्र चिकटवावे, म्हणजे वाचता न येणारी मुलेही ती जागेवर ठेवू शकतात. दाविदाचे पाच गोटे मात्र तीन वर्षांखालील भावंडे असलेल्या घरात काढून ठेवावेत, कारण ते तोंडात मावतील आणि घशात अडकतील एवढ्याच आकाराचे आहेत.

बोर्डचा लहान आकार घरासाठी पुरेसा आहे; वर्गात डझनभर मुलांपेक्षा जास्त असतील तर मागच्यांना दिसत नाही, तेव्हा मोठा बोर्ड घ्यावा किंवा मुलांचे दोन गट करावेत. ज्यांना पुस्तिका उघडून वाचून दाखवायची आहे त्यांना हा संच निराश करील. ज्यांना गोष्ट तोंडपाठ करण्याची आणि नंतर चित्रे मुलांच्या स्वाधीन करून बाजूला बसण्याची तयारी आहे, त्यांनी तो अवश्य घ्यावा, आणि घेताना त्याच रंगाच्या कोऱ्या फेल्टचे थोडे तुकडेही मागून घ्यावेत, कारण संचात नसलेली माणसे लवकरच लागतात.