एस मोडवाला लॅपटॉप: मे महिन्यापासून कृषी केंद्राच्या काउंटरवर वापरल्यावर

स्पेसिफिकेशन सगळ्यांना माहीत आहेत, आय थ्री, ८ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, ते परत लिहीत नाही. मे महिन्यात घेतला, आता कापसाची शेवटची वेचणी चालू आहे, एवढ्या महिन्यांत मशीन एकदाही बंद पडली नाही. स्क्रीन चांगली, बॅटरी चांगली, दुपारी लाइन गेली तरी संध्याकाळपर्यंत काउंटर चालते. पण मला लिहायचं आहे ते एस मोडबद्दल, म्हणजे विंडोजचा असा मोड ज्यात फक्त मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधलेच ॲप चालतात, कारण सुरुवातीला ह्या एका गोष्टीनं जो ताप दिला तो अजून डोक्यातून जात नाही.

आमचं पांढरकवड्याकडच्या एका गावात कृषी केंद्र आहे. खत पॉस मशीनवर अंगठा घेऊन निघते, ते वेगळं. बियाणं आन् फवारणीच्या औषधाचं बिल मात्र लॅपटॉपवरच बनते, त्यावर लॉट नंबर टाकावा लागते. आन् हे बिल म्हणजे शेतकऱ्याचा पुरावा आहे राजेहो, उद्या बियाणं उगवलंच नाही तर तक्रार करताना पहिले बिल मागतात, पिशवीवरचं लेबल मागतात. मिरगाच्या तोंडावर गिऱ्हाईक ट्रॅक्टर उभा करून काउंटरवर आहे, "काका, बिल द्या ना लवकर, पाऊस येऊन राहिला," आन् नवा कोरा लॅपटॉप आपलं बिलिंग सॉफ्टवेअरच घेत नाही, तेव्हा कसं वाटते ते ज्याचं दुकान आहे त्यालाच समजेल.

पेनड्राइव्हवरून सेटअप उघडला की एकच मेसेज, फक्त मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधले ॲप चालतील. आपलं सॉफ्टवेअर स्टोअरवर कुठून असणार, ते जिल्ह्याच्या एका माणसानं बनवलेलं, वर्षानुवर्षं सगळे कृषी केंद्रवाले वापरतात. ज्या दुकानातून लॅपटॉप घेतला त्याला फोन केला तर तो म्हणे अँटिव्हायरस घ्या, त्यानं होईल. कंपनीच्या कस्टमर केअरला लावला तर तिकडून हिंदीत, "सर, हार्डवेअर बिलकुल ठीक है, सॉफ्टवेअर हमारे वारंटी में नहीं आता." मग तालुक्यातला एक रिपेअरिंगवाला म्हणाला आठशे रुपये द्या, फॉरमॅट मारून दुसरी विंडोज टाकून देतो. दुसरी म्हणजे क्रॅकवाली. ज्या विंडोजचे पैसे लॅपटॉपच्या किमतीत आधीच भरले ती पुसून चोरीची टाकायला वरून आठशे रुपये काहून द्यायचे? नव्या लॅपटॉपच्या विंडोजची की, म्हणजे परवान्याचा नंबर, मदरबोर्डमध्येच असते, तीच एडिशन परत टाकली तर ती नेट लागल्यावर आपोआप ॲक्टिव्हेट होते, म्हणून फॉरमॅट करायची वेळ आली तरी क्रॅकची गरज नाही.

आता मुद्द्याचं. एस मोड काढायला एक रुपया लागत नाही. सेटिंग्ज, सिस्टम, ॲक्टिव्हेशन, तिथं वर लिहिलेलं असते विंडोज ११ होम इन एस मोड. खाली दोन जागी स्टोअरची लिंक दिसू शकते. जिथं "स्विच टू विंडोज ११ होम" लिहिलं आहे तिथलीच दाबायची. दुसरी "अपग्रेड युवर एडिशन"वाली आहे, ती महागडी विंडोज प्रो विकत घ्यायची, त्यात पैसेही जातात आन् एस मोडही निघत नाही. स्टोअर उघडलं की "गेट"चं बटण दाबायचं, मग होकार द्यायचा, झालं, रिस्टार्टही लागत नाही. मायक्रोसॉफ्टचं अकाउंट लॉगिन पाहिजे आन् नेट पाहिजे. एकदा काढला की परत एस मोडमध्ये जाता येत नाही, तेवढं ध्यानात ठेवा.

एवढंच होतं! दोन मिनिटांचं काम, आन् ना दुकानवाल्यानं सांगितलं ना कस्टमर केअरनं. विकताना बिलावर मॉडेल नंबर आहे, सिरियल नंबर आहे, फुकटची बॅगसुद्धा लिहिली आहे, पण हे मशीन बाहेरचं सॉफ्टवेअर घेणार नाही हे कुठंच नाही. ही गोष्ट २०१७ मध्ये विंडोज १० एस आली तेव्हापासूनची आहे, म्हणजे विकणाऱ्याला माहीतच नव्हती असं म्हणायला जागा नाही.

तरी बिलिंग चालू झालं नाही. आता त्याला डॉट नेट ३.५ पाहिजे, म्हणजे विंडोजचा तो भाग ज्याच्यावर असे जुने सॉफ्टवेअर चालतात. विंडोज ११ मध्ये ४.८ च्या घरातलं असते, पण ते ३.५ च्या जागी चालत नाही, ३.५ वेगळं चालू करावं लागते, आन् चालू करताना ते नेटवरून फाइल ओढते. आमच्या इकडं नेट म्हणजे मोबाइलचा हॉटस्पॉट, तोही छतावर फोन ठेवला तर. अर्ध्यात तुटलं की एरर ०एक्स८००एफ०९०६, म्हणजे फाइल उतरली नाही. शेवटी नागपूरला मेव्हणा आहे त्यानं विंडोज ११ ची आयएसओ, म्हणजे विंडोज टाकायची पूर्ण फाइल, पेनड्राइव्हवर आणून दिली, ५ जीबीच्या वर असते, रोजच्या दीड जीबीच्या पॅकवर आपण ती कधी उतरवणार. आयएसओवर डबल क्लिक केलं की ती ड्राइव्हसारखी उघडते, त्यात सोर्सेसच्या आत एसएक्सएस फोल्डर आहे, कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून विंडोजचे भाग चालू करणाऱ्या डिझम (DISM) कमांडला तोच फोल्डर दाखवायचा, नेट लागत नाही. दोन गोष्टी पक्क्या करा. आयएसओ आपल्या विंडोजच्याच व्हर्जनची पाहिजे, स्टार्टच्या सर्चमध्ये विनव्हर (winver) टाइप केलं की व्हर्जन दिसते, नाहीतर ०एक्स८००एफ०८१एफ येते, म्हणजे दाखवलेल्या जागी कामाची फाइल सापडली नाही. आन् एस मोड आधी काढलेला पाहिजे, कारण एस मोडमध्ये कमांड प्रॉम्प्टच उघडत नाही.

प्रिंटरचं थोडक्यात. हॉटस्पॉटवर मीटर्ड कनेक्शन, म्हणजे विंडोजनं नेट जपून वापरायची सेटिंग, चालू ठेवायचंच, नाहीतर अपडेट दिवसाचा पॅक सकाळीच संपवते. पण मीटर्ड असलं की प्रिंटरचा ड्रायव्हरही उतरत नाही. प्रिंटर्स अँड स्कॅनर्समध्ये खाली त्याचं वेगळं बटण आहे, तेवढ्यापुरतं चालू करा, ड्रायव्हर आला की बंद.

सुरुवातीचा परिच्छेद सोडला तर वरचं सगळं मी जुलैत लिहून ठेवलं होतं, तेव्हा माझं मत एकच होतं, एस मोड म्हणजे गिऱ्हाइकाची फसवणूक. दिवाळीनंतर थोडं बदललं. भावाच्या पोरीनं बारावीसाठी हाच मॉडेल घेतला, मी तिला एस मोड काढू दिला नाही. तिला ब्राउझर, पीडीएफ आन् व्हिडिओ एवढंच लागते. आमच्याकडे झेरॉक्सच्या दुकानातून पेनड्राइव्ह फिरतात, सगळे फोल्डर शॉर्टकट करून टाकणारा व्हायरस किती जणांकडे येऊन गेला. तो ज्या स्क्रिप्ट चालवते त्या एस मोडमध्ये चालतच नाहीत. मग शिकणाऱ्या पोराले एस मोड चांगला, दुकानदाराले नाही. विकणाऱ्यानं कोणाला काय लागते ते विचारलं पाहिजे, माझा राग आता तेवढ्यावर आहे.

आन् एक गोष्ट मनापासून आवडली. मराठी फोनेटिक कीबोर्ड विंडोजमध्येच येते, २०१९ च्या मे अपडेटपासून आहे म्हणे, आम्ही मात्र कृतिदेव ह्या जुन्या फॉन्टमध्येच अडकलो होतो, ज्याच्यात तो फॉन्ट नाही तिथं ते वाचताच येत नाही. लँग्वेजमध्ये मराठी टाकून फोनेटिक निवडलं की "shetkari" जसं बोलतो तसं टाइप केलं की शेतकरी येते. आता उधारीची यादी युनिकोडमध्ये आहे, व्हॉट्सॲपवर पाठवली तर समोरच्याच्या मोबाइलवर सरळ वाचता येते.

बिलिंगवाला आता नवीन व्हर्जन घ्या म्हणून मागं लागला आहे, डॉट नेटची कटकट नाही म्हणते, पण दरवर्षी फी. मी त्याला सांगितलं, जुनं चालून राहिलं तोवर नाही घेणार. ती आयएसओवाली पेनड्राइव्ह गल्ल्यातच ठेवली आहे, पांढरकवडा, वणी, मारेगावकडं कोणाला लागली तर येऊन घेऊन जा, फक्त आधी विनव्हर पाहून या.