सोसायटीची भाजीबाग: वाफे वाटून घ्यावेत की बाग सामाईक ठेवावी?

सोसायटीत भाजीबाग करावी यावर एकमत लवकर होतं. ओला कचरा रोज निघतोच, इमारतीमागे थोडी पडीक जागा असते, आणि मातीची ओढ असलेली दोन-चार माणसंही सापडतात. खरा मतभेद पुढच्या प्रश्नावर होतो. प्रत्येक इच्छुक घराला स्वतःचा वाफा नेमून द्यायचा, की बाग सगळ्यांची ठेवून काम आणि भाजी दोन्ही वाटून घ्यायचं? पुण्या-मुंबईच्या हवामानात आणि आपल्या सोसायट्यांच्या रीतीत कुठली पद्धत कुणाला मानवेल, ते इथे मांडतो. माझा कौल आधीच सांगतो: पहिलं वर्ष सामाईक बाग करावी, आणि वाटणीचा विचार त्यानंतर.

वाफा ज्याचा त्याचा

या पद्धतीचं बळ मोठं आहे, ते नाकारू नये. जबाबदारी कुणाची हे विचारावं लागत नाही. चार फूट रुंद आणि आठ फूट लांब वाफा असला, की दोन्ही बाजूंनी हात पोचतो, आत पाय ठेवून माती दाबली जात नाही, आणि नोकरी करणाऱ्या माणसालाही तो झेपतो. आवडीला वाव मिळतो. विदर्भातून आलेलं घर अंबाडी लावतं, कोकणातलं अळू लावतं, शेजारचं गुजराती कुटुंब पापडीचा वेल चढवतं. मेथी महिन्याभरात हाती येते, मुळ्याला दीड महिना लागतो, त्यामुळे मुलांना पेरणीपासून काढणीपर्यंत सगळं डोळ्यांदेखत दिसतं. शिवाय टोमॅटो कुणी तोडले हा वाद सहसा होत नाही.

अडचणी हद्दीवर सुरू होतात. एकाने दोडक्याचा मांडव उभारला, की पलीकडच्या पालकावर सावली पडते. मावा आणि पांढरी माशी या किडी वाफ्यांच्या सीमा पाळत नाहीत. एका घराने दुर्लक्ष केलं की शेजारचे चार वाफे भोगतात. एकाने रासायनिक फवारणी केली, तर बाकीच्यांनी जपलेली सेंद्रिय भाजीही संशयात येते. म्हणून वाफे वाटले तरी फवारणी, मांडवाची जागा आणि पाण्याची वेळ यांचे नियम सामाईकच ठेवावे लागतात.

सगळ्यात अवघड असतो तो एप्रिल-मे. त्या दिवसांत उघड्या वाफ्याला चौरस मीटरमागे रोज साधारण सहा-सात लिटर पाणी लागतं, आणि नेमकी तेव्हाच घरं सुट्टीसाठी गावी गेलेली असतात. वाफे नेमून देण्याची रीत ब्रिटनमध्ये फार खोल रुजली आहे. तिथे १९०८ चा कायदाच आहे आणि पारंपरिक तुकडा सुमारे २५० चौरस मीटरचा असतो. पण तिथे बहुतेक महिन्यांत थोडाफार पाऊस पडतो, माणूस आठवडाभर फिरकला नाही तरी पीक बहुधा तग धरतं. आपल्याकडे मे महिन्यात पालेभाजीचा वाफा दोन-तीन दिवसांत माना टाकतो. तिकडे राहणारे नातेवाईक आपल्या तुकड्याबद्दल कौतुकाने सांगतात ते मनापासून ऐकावं, पण ती रचना जशीच्या तशी इथे आणण्याआधी पाण्याची पाळी कोण सांभाळणार हे ठरवावं.

बाग सगळ्यांची

सामाईक बागेत आखणी एका हाताने होते, आणि शेतीच्या दृष्टीने हा फार मोठा फायदा आहे. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणून दुधी, कारली, घेवडा यांचे मांडव उत्तरेच्या कडेला घेता येतात आणि पुढच्या वाफ्यांना ऊन मिळतं. वांगी, टोमॅटो, मिरची एकाच कुळातली, त्यांना लागणारे काही रोगही सारखे. त्यांच्या जागी पुढच्या हंगामात चवळी किंवा गवार घेण्याचा फेरपालट मोठ्या जागेवर नीट जमतो. बत्तीस चौरस फुटांच्या वाफ्यात तो नावापुरताच होतो. रोपवाटिका एक, कंपोस्टचा खड्डा एक, ठिबकची नळी एक. कुणी गावी गेलं तरी पाण्याची पाळी दुसऱ्याकडे जाते.

मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर दोन हजारच्या दशकाच्या सुरुवातीला प्रीती पाटील यांनी कर्मचाऱ्यांसोबत बाग उभी केली. स्वयंपाकघरातून निघणारा ओला कचरा तिथेच जिरवून त्यावर भाज्या आणि फळझाडं वाढवली गेली. तिथे कुणाच्या नावाचा वाफा नव्हता. कचरा एकाच ठिकाणी निघत होता आणि माणसं रोज तिथे येत होती. सामाईक बाग टिकायला या दोन गोष्टी फार उपयोगी पडतात, आणि सोसायटीत त्या दोन्ही असतात.

तिचा कच्चा दुवा मात्र माणसांमध्ये आहे. पहिल्या महिन्यात वीस जण येतात, पावसाळा संपेपर्यंत तिघं उरतात, आणि त्या तिघांमधलं एखादं माणूस मनाने थकतं. काम करणाऱ्याला जुडी न मिळता खाली येऊन सहज तोडून नेणाऱ्याला मिळाली, तर बाग त्या दिवसापासून खचायला लागते. यावर मला सगळ्यात न्याय्य वाटलेला उपाय असा: काढणीचा वार ठरलेला असावा, एरवी कुणी तोडायचं नाही. त्या आठवड्यात ज्यांनी पाणी घातलं, खुरपणी केली, कचरा कालवला, त्यांचा वाटा आधी निघावा. उरलेली भाजी सोसायटीतच विकावी आणि पैसे बियाण्यांना वापरावेत. आजी-आजोबांना ओणवं होणं जमत नसेल, तर मेथी निवडणं, बी वाळवणं, नोंदवही ठेवणं ही कामंही तितक्याच मोलाची धरावीत.

पगारी माळीकाका ठेवणं हा मधला मार्ग आहे आणि त्यात कमीपणा काहीच नाही. रोजचं पाणी त्यांच्याकडे आणि पेरणी-काढणी रहिवाशांकडे, अशी वाटणी केली तर मे महिनाही निभावतो. त्यांचा अनुभव बहुतेक वेळा समितीतल्या कुणाहीपेक्षा जास्त असतो, म्हणून आखणीच्या बैठकीला त्यांना आवर्जून बसवावं.

बाग गच्चीवर असेल तर

इथे मला फारसा पर्याय दिसत नाही. बाग सामाईकच ठेवावी, कारण वजन. ओल्या मातीचा एक फूट जाडीचा थर चौरस मीटरला जवळपास ५०० किलो भरतो. माणसांच्या वावराची गच्ची भारतीय मानकानुसार चौरस मीटरला साधारण १५० किलो अतिरिक्त भार धरून आखलेली असते. प्रत्येक घराने आपापल्या वाफ्यात हवी तितकी माती आणून टाकली, तर एकूण भार किती झाला याचा हिशेब कुणाकडेच राहत नाही. स्ट्रक्चरल इंजिनीअरचा लेखी सल्ला आणि वॉटरप्रूफिंगची तपासणी झाल्याशिवाय गच्चीवर मातीचं एक पोतंही चढवू नये. बीम कुठे आहेत ते विचारून जड पिंपं त्यांच्यावर ठेवावीत. उघडं साठवलेलं पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामं करून पिंप घासावं, नाहीतर डेंगीचे डास तिथेच वाढतात.

माती दोन्हीकडे सारखीच

श्री. अ. दाभोळकरांनी कोल्हापूरहून 'प्रयोग परिवारा'च्या माध्यमातून सामान्य माणसाला शेतीचे प्रयोग करायला शिकवलं. पालापाचोळा आणि उसाची चिपाडं कुजवून माती घडवण्याच्या ज्या पद्धती त्या परंपरेतून पसरल्या, त्या शहरासाठी वरदान आहेत, कारण अशी माती हलकी असते. पाला कुजवायला वापरायच्या द्रावणाचं, म्हणजे अमृतजलाचं, प्रमाण साधं आहे: १० लिटर पाणी, १ किलो ताजं शेण, १ लिटर गोमूत्र आणि ५० ग्रॅम गूळ. रोज ढवळत तीन दिवस ठेवायचं आणि दहापट पाण्यात मिसळून वाळलेल्या पाल्यावर वापरायचं. चिपाडं रसवंतीवाला आनंदाने देतो. पाला फेब्रुवारी-मार्चच्या पानगळीत पोत्यांनी मिळतो, आणि तो तेव्हाच भरून ठेवावा. रस्त्याकडेला तो जळताना पाहिला की फार वाईट वाटतं.

पहिल्या वर्षी सामाईक बाग करावी असं मी म्हणतो ते याच कामामुळे. चांगली माती तयार व्हायला काही महिने जातात, आणि हे काम एकेकट्याने आपल्या वाफ्यापुरतं करणं कष्टाचं आहे. दहा-बारा जणांनी मिळून एकदा केलं, की नंतर वाफे वाटले तरी प्रत्येकाला सारखी माती मिळते, आणि कोण खरोखर येतं हेही तोवर समजलेलं असतं.

कुणी काय निवडावं

जमिनीवर जागा भरपूर, इच्छुक घरं दहाच्या आत, आणि त्यातली बहुतेक उन्हाळ्यात शहरातच असणारी, असं असेल तर वाफे वाटायला हरकत नाही. जागा छोटी, घरं जास्त, किंवा बाग गच्चीवर, तर सामाईक. भाड्याने राहणारी कुटुंबं पुष्कळ असतील तरीही सामाईकच बरी. अकरा महिन्यांच्या करारावर असलेल्या माणसाला वाफ्याची मालकी देता येत नाही, पण कामाची पाळी आणि भाजीतला वाटा नक्की देता येतो.

वाफे वाटायचेच ठरलं, तर ठरावात तीन गोष्टी लिहाव्यात: वाफा एका वर्षाच्या वापरासाठी आहे, त्यामुळे सामाईक जागेवर कुणाचा हक्क तयार होत नाही, आणि महिनाभर पडीक राहिलेला वाफा प्रतीक्षायादीतल्या पुढच्या घराकडे जाईल. हे तोंडी ठेवलं तर दोन वर्षांनी त्यावरून अबोला धरला जातो.

हा ठराव वार्षिक सर्वसाधारण सभेत मांडावा. ती सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, त्यामुळे वेळही चांगली जुळते. विषयपत्रिका निघण्याआधी सेक्रेटरींना लेखी पत्र द्या, आणि इंजिनीअरचा सल्ला किंवा जागेचा नकाशा सोबत जोडा. पालापाचोळा आधीच कुजवून ठेवला असेल, तर पाऊस उघडल्यावर ऑक्टोबरमध्ये मेथी, पालक, मुळा आणि कोथिंबीर पेरता येईल.