मुलांचं सायन्स किट: सामान छान, पुस्तिका तेवढी लपवून ठेवा

दहा-बारा वर्षांच्या मुलांसाठीचं हे प्रयोगाचं किट लेकीसाठी मागवलं होतं, आता भरपूर वापरून झालंय म्हणून लिहितेय. आत काचेचं मोजपात्र, चंचुपात्र (बीकर), लाल अल्कोहोलवाला थर्मामीटर, ताणकाटा, भिंग, स्टॉपवॉच, लिटमस असं सगळं येतं आणि वर विज्ञानातल्या शब्दांचे अर्थ सांगणारी कार्डं.

मोजपात्र एक नंबर. रेघा बारीक आणि स्पष्ट आहेत, पाण्याचा खोलगट भाग नीट दिसतो, त्यामुळे डोळा त्याच पातळीला आणून सगळ्यात खालच्या बिंदूचं रीडिंग घ्यायचं हे मुलांना लगेच कळतं (उभ्याउभ्या वरून बघितलं की आकडा जास्त येतो, मुद्दाम करून बघा). चंचुपात्रावरच्या रेघा मात्र फक्त अंदाजाला असतात आणि हे पुस्तिकेत कुठेच लिहिलेलं नाही, मग मुलं त्यानेच मापं घेत बसतात.

आमच्या किटमधला थर्मामीटर बर्फाच्या पाण्यात ० ऐवजी २ अंश दाखवतो आणि गंमत म्हणजे दर वेळी २च. मी परत पाठवणार होते, पण राहू दिला, कारण रीडिंग सारखं सारखं तेच येतंय म्हणजे ते बरोबर असतंच असं नाही, हे कार्ड वाचून डोक्यात जात नाही, यावरून गेलं. फक्त सगळीकडे सरसकट २ वजा करू नका हां, वरच्या तापमानाला चूक वेगळी असू शकते.

सगळ्यात जास्त मजा लंबकात आली. 'स्वतंत्र चल' (आपण मुद्दाम बदलतो ते), 'अवलंबी चल' (त्यामुळे बदलतं का ते आपण मोजतो) ही कार्डं नुसती वाचली तर झोप येईल, पण दोऱ्याला वजन बांधून झोका दिला की प्रश्न आपोआप पडतात. जड वजन लवकर झुलणार असं लेक ठासून म्हणाली, झालं तिचं गृहीतक तयार! मग लांबी तीच ठेवून वजन बदललं तर वेळ तेवढाच, आणि वजन तेच ठेवून दोरा २५ सेंमीचा १ मीटर केला तर एका दोलनाला (म्हणजे एकदा जाऊन परत यायला) साधारण १ सेकंदाचे २ सेकंद झाले. एकच दोलन मोजू नका, बटण दाबण्यात बोटाचा उशीर होतो, १० मोजा आणि भागा.

आता राग कशाचा, तर पुस्तिकेतल्या निरीक्षणांच्या तक्त्यांमध्ये आकडे आधीच छापलेत! प्रयोगाच्या आधी निष्कर्ष पण तयार. मग पोरं तेच उतरवून काढणार ना? आणि गृहीतकाच्या कार्डावर नुसतं 'अंदाज' लिहिलंय, तो तपासून खोटा ठरवता आला पाहिजे याचा पत्ताच नाही.

मी ती पानं स्टेपल करून टाकली आणि साधी चौकटीची वही दिली. ५ पैकी ४ स्टार, एक तक्त्यांसाठी कापला. लिटमस पटकन संपतो, जास्तीचा घेऊन ठेवा.