करेक्शन टेप की पाण्याधारित व्हाइटनर : विद्यार्थ्यांच्या दप्तरासाठी एक परीक्षण

व्हाइटनर निवडताना तो किती लवकर वाळतो आणि कागदावर किती सपाट बसतो, एवढेच सहसा पाहिले जाते. विद्यार्थ्यांसाठी घ्यायचा असेल, तर त्याआधी बाटलीत द्रावक (रंग पातळ ठेवणारे आणि पटकन उडून जाणारे रसायन) कोणते आहे हे पाहावे, असे माझे शिक्षक म्हणून ठाम मत आहे, कारण अशा द्रावकांची वाफ काही मुले नशेसाठी हुंगतात. म्हणून या परीक्षणात मी द्रावक नसलेल्या दोनच प्रकारांचा विचार केला आहे : करेक्शन टेप आणि पाण्याधारित व्हाइटनर.

हुंगून केल्या जाणाऱ्या नशेचे प्रमाण किती, याबाबत पालकांचा अंदाज बहुधा चुकतो, कारण दारू किंवा गांजाप्रमाणे ही नशा वयाबरोबर वाढत जात नाही. अमेरिकेत दरवर्षी होणाऱ्या ‘मॉनिटरिंग द फ्युचर’ या सर्वेक्षणात इतर बहुतेक पदार्थांच्या उलट बारावीपेक्षा आठवीच्या विद्यार्थ्यांत तिचे प्रमाण अधिक आढळत आले आहे. युरोपातील ३५ देशांत २०१९ साली झालेल्या ‘एसपॅड’ सर्वेक्षणात पंधरा-सोळा वर्षांच्या सरासरी सुमारे ७ टक्के विद्यार्थ्यांनी आयुष्यात एकदा तरी असा पदार्थ हुंगल्याचे सांगितले. भारतात २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार १० ते १७ वयोगटात सध्या वापर करणाऱ्यांचे प्रमाण १.१७ टक्के, तर प्रौढांत ०.५८ टक्के होते. नशेच्या पदार्थांपैकी मुलांमधील वापर प्रौढांपेक्षा जास्त असलेला हा एकमेव प्रवर्ग होता. ‘एकदा तरी’ आणि ‘सध्या’ ही मोजमापे वेगवेगळी असल्याने हे आकडे एकमेकांशी ताडून पाहता येणार नाहीत, पण ही नशा कोवळ्या वयातली आहे, हे त्यांतून स्पष्ट दिसते. याच वयात मुलांच्या हाती व्हाइटनर, गोंद आणि मार्कर येतात, आणि ते त्यांना आपणच देतो.

धोक्याविषयी थोडक्यात पण स्पष्ट लिहिणे भाग आहे. काही द्रावकांच्या वाफेमुळे हृदय अ‍ॅड्रिनलिनला (धावपळीत किंवा भीतीने शरीरात वाढणाऱ्या संप्रेरकाला) अतिसंवेदनशील होते. अशा वेळी धावपळ झाली किंवा मूल दचकले, तरी हृदयाची लय बिघडून मृत्यू ओढवू शकतो, आणि हे पहिल्याच वेळी घडू शकते. टोल्यूइन हा गोंद, थिनर यांत आढळणारा द्रावक दीर्घकाळ शरीरात जात राहिल्यास मेंदूतील श्वेतद्रव्याची, म्हणजे मेंदूचे भाग एकमेकांना जोडणाऱ्या तंतूंची, हानी होते. ‘एकदा करून पाहिले तर काय बिघडते’ या समजुतीला येथे कोणताही आधार नाही.

आता प्रत्यक्ष उत्पादनांकडे. करेक्शन टेप मला सर्वांत समाधानकारक वाटली. ती कोरडी असल्याने वाळण्याची वाट पाहावी लागत नाही, तिला जवळजवळ वास नसतो आणि हुंगण्याजोगी वाफ तिच्यातून येत नाही. बॉलपेन तिच्यावर व्यवस्थित चालते. जेल पेनची शाई मात्र थोडा वेळ ओली राहते आणि घाईत हात लागला की पसरते. स्वस्त प्रकारांत पट्टी मध्येच तुटते किंवा सैल पडते. पट्टी संपल्यावर उरणारे प्लास्टिकचे कवच ही खरी उणीव आहे, म्हणून आतली पट्टी बदलता येणारा प्रकार घ्यावा.

पाण्याधारित व्हाइटनर वळणदार अक्षरांवर किंवा आकृतीतील बारीक रेघेवर अधिक नेमका बसतो. तो वाळायला वेळ घेतो आणि पातळ कागद त्याने किंचित सुरकुततो. ब्रश मात्र साध्या पाण्याने धुता येतो, ही मोठी सोय आहे. बेटी नेस्मिथ ग्रॅहम या अमेरिकी टंकलेखिकेने १९५०च्या दशकात चुका झाकण्यासाठी प्रथम वापरला, तो पाण्यात कालवलेला टेम्परा रंगच होता. म्हणजे पाण्याधारित प्रकार हा काही नवा, कमअस्सल पर्याय नव्हे. खरेदी करताना ‘सौम्य वास’ या शब्दांवर विसंबू नये. ज्वलनशीलतेचे चिन्ह किंवा सोबत थिनरची बाटली दिसली, तर आत द्रावक आहे असे समजावे.

एक वस्तू बदलल्याने काय साधणार, मुले दुसरे काही शोधतीलच, असा आक्षेप घेतला जातो. तो निराधार नाही. स्प्रेचे डबे, गोंद आणि पेट्रोल घराघरांत असतेच. तरीही मध्य ऑस्ट्रेलियातील अनुभव मला महत्त्वाचा वाटतो. तेथे दुर्गम वस्त्यांमध्ये पेट्रोल हुंगण्याने तरुणांचे मोठे नुकसान होत होते. २००५ पासून ‘ओपल’ हे अरोमॅटिक घटक (टोल्यूइनसारखी, हुंगल्यास नशा आणणारी रसायने) अत्यल्प असलेले पेट्रोल तेथे उपलब्ध करण्यात आले, आणि जेथे ते पोहोचले तेथे हुंगणाऱ्यांची संख्या लक्षणीयरीत्या घटली. जवळच साधे पेट्रोल मिळत राहिले, तर परिणाम ढिला पडे. यावरून मी असे म्हणेन की एका विद्यार्थ्याने टेप घेण्यापेक्षा संपूर्ण शाळेने, कार्यालयातील कपाटासह, द्रावक असलेला व्हाइटनर बंद करणे अधिक उपयोगी ठरेल.

माध्यमिक वर्गांतील रोजच्या लेखनासाठी मी टेपचीच शिफारस करतो, आणि चित्रकला व आकृत्यांसाठी पाण्याधारित व्हाइटनरची. दोन्ही प्रकारांच्या उत्पादकांना एक विनंती आहे : ‘द्रावकविरहित’ हे शब्द वेष्टनाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत न छापता दर्शनी बाजूस छापावेत, म्हणजे पालकांना दुकानात उभ्या उभ्या योग्य वस्तू निवडता येईल.