हँडल, गॉगल आणि वेटसूट : सोलापुरातून पहिल्या ट्रायथलॉनची तयारी करताना काय घ्यावे

हाफ डिस्टन्स ट्रायथलॉन म्हणजे १.९ किलोमीटर पोहणे, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणे. या अंतराची पहिली स्पर्धा ठरवलेल्या माणसापुढे नाव नोंदवल्यानंतर लगेचच सामानाची यादी उभी राहते. त्या यादीतील प्रत्येक वस्तूचे चार-पाच प्रकार बाजारात मिळतात, त्यांच्या किमतींत दहा-दहा पटींचा फरक असतो, आणि सल्ला देणारी बहुतेक मंडळी ज्या हवामानात पोहतात व सायकल चालवतात ते आपल्या सोलापूरचे हवामान नसते. गेली काही वर्षे हिप्परगा तलाव आणि तुळजापूर रस्ता या दोन ठिकाणी सराव करताना माझे एक मत पक्के झाले आहे. रोजच्या सरावात जी वस्तू डोळ्यांवर किंवा हाताखाली असते तिच्यावर आधी खर्च करावा, आणि वेटसूटचा, म्हणजे पोहताना घालायच्या रबरी पोशाखाचा, विचार सर्वांत शेवटी, तोही स्पर्धा कोणत्या पाण्यात आहे हे ठरल्यावरच करावा. नवखे लोक नेमके याच्या उलट करतात, म्हणून हा आढावा सविस्तर लिहीत आहे.

हँडल

इथे तीन प्रकारचे लोक असतात. एकाकडे सपाट हँडलची हायब्रिड सायकल असते, दुसऱ्याकडे खाली वळलेल्या हँडलची, म्हणजे ड्रॉप बारची रोड बाईक असते, आणि तिसरा थेट टीटी बाईक, म्हणजे एकट्याने वेळेशी शर्यत करण्यासाठी बनवलेली टाइम ट्रायल सायकल घ्यावी का, या विचारात असतो.

हायब्रिडवाल्याला सपाट हँडल काढून ड्रॉप बार बसवण्याचा मोह होतो. तो टाळावा असे मी स्पष्टपणे सांगतो. सपाट हँडलची ब्रेक व गिअर लिव्हर बसतात ती नळी २२.२ मिलिमीटर जाडीची असते, तर ड्रॉप बारची २३.८ मिलिमीटर असते. त्यामुळे जुने लिव्हर नव्या हँडलवर बसत नाहीत, नवे लिव्हर आणले की ते जुन्या ब्रेकशी आणि गिअरशी जुळतीलच असे नसते, आणि एका हँडलपायी निम्मी सायकल बदलण्याची वेळ येते. शिवाय हायब्रिडची वरची नळी मुळातच लांब असते, तिच्यावर पुढे झुकणारा ड्रॉप बार आला की हात फार दूर जातात आणि तासाभरात मान व खांदे भरून येतात. एवढ्या खर्चात चांगल्या स्थितीतील जुनी रोड बाईक मिळत असेल तर ती घ्यावी, आणि तेही शक्य नसेल तर पहिली स्पर्धा आहे त्या हायब्रिडवर निःसंकोच करावी.

रोड बाईक असलेल्याची खरी तुलना क्लिप-ऑन एरोबार, म्हणजे आहे त्या हँडलवर आवळायच्या, पुढे निघालेल्या दोन नळ्या व कोपरे टेकवायचे पॅड, आणि टीटी बाईक यांच्यात असते. ताशी ३० किलोमीटरच्या आसपास गेले की सपाट रस्त्यावर आपली बहुतेक ताकद हवा कापण्यात खर्च होते, आणि त्या हवेच्या विरोधाचा मोठा वाटा सायकलच्या सांगाड्याचा नसून स्वाराच्या शरीराचा असतो. आयर्नमॅन या नावाने होणाऱ्या ट्रायथलॉन स्पर्धांत पुढच्या सायकलपासून १२ मीटरचे अंतर राखावे लागते, म्हणजे दुसऱ्याच्या आडोशाचा लाभ मिळत नाही आणि ९० किलोमीटर वारा स्वतःच्या छातीवरच घ्यावा लागतो. कोपरे पॅडवर टेकवून हात पुढे जवळ घेता येणे, हा एरोबारचा लाभ त्यामुळे खरा आहे. तो बराचसा लाभ क्लिप-ऑनमध्येच पदरात पडतो, आणि त्याची किंमत टीटी बाईकच्या किमतीचा अगदी छोटा अंश असते.

टीटी बाईकची बाजूही नीट मांडली पाहिजे. तिच्या सीटची नळी अधिक उभी असते. रोड बाईकचा हा कोन साधारण ७३ अंशांचा असतो, तर टीटी बाईकचा ७६ ते ७८ किंवा त्याहून जास्त असतो. त्यामुळे पुढे झुकूनही मांडी पोटावर दाबली जात नाही आणि सायकलवरून उतरून धावताना कंबर लवकर मोकळी होते. गिअरची बटणे एरोबारच्या टोकाला असल्याने हात न हलवता गिअर बदलता येतो. मात्र तिचे ब्रेक खालच्या रुंद हँडलवर असतात, म्हणजे कोपरे पॅडवर असताना ब्रेक हाताखाली नसतो. क्लिप-ऑनवरही हीच अडचण आहे, पण टीटी बाईक घेतलेला माणूस मोबदला वसूल करण्यासाठी सतत त्याच अवस्थेत राहू पाहतो.

आता आपला रस्ता पाहा. सोलापूर ते तुळजापूर साधारण ४५ किलोमीटर आहे, जाऊन-येऊन बरोबर हाफ डिस्टन्सचे ९० किलोमीटर भरतात, आणि जाताना शेवटी तुळजापूरचा चढही मिळतो. कोजागरीला हजारो भाविक पायी चालतात तोच हा रस्ता आहे, त्यामुळे त्या दिवसांत तिथे सराव ठेवू नये. गाळप हंगामात ऊस भरलेल्या ट्रॉल्या पहाटे मागच्या दिव्याशिवाय चालत असतात आणि कांडी रस्त्यावर पडलेली असतात. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा जाताना डावीकडून आणि येताना उजवीकडून सायकल ढकलतो. अशा वेळी हात ब्रेकवर असणे हा वेगापेक्षा मोठा फायदा आहे. रोड बाईक व क्लिप-ऑन या जोडीत आपण मोकळ्या पट्ट्यात कोपरे टेकवतो आणि गर्दीत, उतारावर, आडव्या वाऱ्यात हात पुन्हा ड्रॉप बारच्या लिव्हरवर आणतो. दोन-तीन स्पर्धा झाल्यावर, आठवड्याला तीन वेळा सायकल होत असेल तरच टीटी बाईकचा विचार करावा. ड्राफ्टिंगला, म्हणजे दुसऱ्याच्या आडोशाने सायकल चालवण्याला, परवानगी असलेल्या स्पर्धांत टीटी बाईक चालत नाही, हेही ध्यानात असू द्यावे.

क्लिप-ऑन घेताना तीन गोष्टी दुकानातच तपासाव्यात. हँडलचा मधला भाग ३१.८ मिलिमीटर जाडीचा आहे का, आणि ती जाडी क्लॅम्प बसण्याइतक्या रुंदीपर्यंत टिकते का, हे मोजून पाहावे, कारण काही हँडल स्टेमपासून, म्हणजे हँडल मध्यभागी धरणाऱ्या भागापासून, लगेच निमुळते किंवा चपटे होतात. हँडल कार्बनचे असेल तर त्यावर क्लॅम्प आवळण्यास कंपनीची परवानगी आहे का ते पाहावे. अनेक कार्बन हँडलना ती नसते आणि आतला धागा दबून तुटला तरी बाहेरून दिसत नाही. पॅड आडवे-उभे सरकवता येतील असे असावेत. नळ्यांचा आकार सरळ असावा की टोकाला वर वळलेला, हा मनगटाचा प्रश्न आहे, आणि बहुतेकांना किंचित वर वळलेला आकार सोसतो.

चौथी गोष्ट मी अनुभवातून शिकलो. एका दुकानात बसवून घेतलेले माझे एरोबार हाताला घट्ट वाटत होते. हिप्परगा मागे टाकल्यावर एका गतिरोधकावर पुढचे चाक आपटले आणि दोन्ही पॅड एकाच वेळी पुढच्या बाजूला खाली फिरले. माझी छाती स्टेमवर आली, नाकासमोर टायर दिसला, आणि डावा हात कसाबसा हँडलवर पडला म्हणून मी रस्त्यावर गेलो नाही. घरी येऊन पाहिले तेव्हा चारही बोल्ट अर्धवट आवळलेले होते आणि हँडलच्या रंगावर क्लॅम्प फिरल्याचा गोल ओरखडा उमटला होता. तेव्हापासून क्लॅम्पवर छापलेला न्यूटन-मीटरचा आकडा पाहून मी टॉर्क रेंचनेच, म्हणजे किती जोराने आवळले ते मोजणाऱ्या पान्यानेच, बोल्ट आवळतो, आणि सामानाच्या यादीत ही लहान रेंच एरोबारच्या शेजारीच लिहावी असे आग्रहाने सांगतो.

हँडलच्या रुंदीबद्दल थोडक्यात. दोन्ही खांद्यांच्या हाडांमधील अंतर सेंटिमीटरमध्ये मोजावे आणि त्याच्या जवळचे माप घ्यावे. नळीच्या दोन्ही टोकांना बूच असलेच पाहिजे, कारण उघड्या टोकाची सायकल तपासणीत अडवली जाते आणि पडल्यास ती नळी मांडीत घुसू शकते.

डोळ्यांवरचे

पोहण्याचा गॉगल ही या यादीतील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत निर्णायक वस्तू आहे. जलतरण तलावात लहान काचांचा, स्पर्धात्मक जलतरणाचा गॉगल पुरतो. खुल्या पाण्यात मात्र डोके उचलून दूरचा बोया, म्हणजे मार्ग दाखवणारी तरंगती खूण, शोधावा लागतो, आजूबाजूच्या पोहणाऱ्यांचे हात-पाय तोंडावर लागतात, आणि म्हणून थोड्या मोठ्या काचेचा, रुंद सिलिकॉन गादीचा गॉगल बरा पडतो. गॉगल विकत घेण्याआधी पट्टा न लावता तो डोळ्यांवर हलका दाबून सोडावा. दोन-तीन क्षण तो आपोआप चिकटून राहिला तर तो आपल्या चेहऱ्याचा आहे. लगेच पडला तर पट्टा कितीही आवळला तरी त्यात पाणी येणारच.

काचेच्या रंगाचा निर्णय स्पर्धेच्या दिशेवर घ्यावा. गोव्यात २०१९ पासून होणारी आयर्नमॅन ७०.३ ही हाफ डिस्टन्स स्पर्धा मिरामारच्या किनाऱ्यावरून समुद्रात सुरू होते. समुद्र पश्चिमेला असल्याने आत जाताना ऊन पाठीशी असते आणि किनाऱ्याकडे परतताना जमिनीवरून वर आलेला सूर्य थेट डोळ्यांत येतो. तिथे आरशासारखी किंवा गडद काच उपयोगी ठरते. पहाटेच्या अंधुक उजेडात हिप्परग्यात सराव करताना हीच काच अडथळा ठरते आणि साधी पारदर्शक काच चांगली दिसते. म्हणून एका महागड्या गॉगलऐवजी एकाच मापाचे दोन मध्यम किमतीचे गॉगल, एक पारदर्शक व एक गडद, घ्यावेत. स्पर्धेच्या सकाळी पट्टा तुटला तर दुसरा हाताशी असतो, हा अधिकचा लाभ. काचेच्या आतल्या बाजूला वाफ न धरणारा थर असतो, त्याला बोट लावून पुसू नये.

चष्मा असणाऱ्यांनी लेन्स लावून तलावात पोहू नये, कारण गोड्या पाण्यातील अकँथअमीबा हा सूक्ष्म जीव लेन्सखाली अडकून बुबुळाला गंभीर इजा करू शकतो. नंबरचे तयार गॉगल मिळतात, ते साधारण अर्ध्या-अर्ध्या नंबरच्या टप्प्यांत असतात, आणि आपल्या नंबरच्या किंचित खालचा घेतला तरी बोया व्यवस्थित दिसतो.

सायकलवरच्या चष्म्यात पोलराइज्ड, फोटोक्रोमिक आणि साधी गडद काच असे तीन पर्याय असतात. पोलराइज्ड काच चमक कापते, पण त्याचबरोबर रस्त्यावरील ओलावा व तेलाची चमकही लपवते आणि काही सायकल कॉम्प्युटरचा पडदा तिच्यातून काळा दिसतो. फोटोक्रोमिक काच उन्हात गडद व सावलीत फिकी होते आणि पहाटे निघून नऊला परतणाऱ्याला ती आदर्श वाटते. मात्र तापमान वाढले की ही काच पुरेशी गडद होत नाही, हा तिचा गुणधर्म आहे. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपार गेलेल्या सोलापुरात ती ऐन गरजेच्या वेळी कमी पडते. माझी निवड म्हणून बदलता येणाऱ्या दोन काचांची पॉलिकार्बोनेट चौकट आहे, त्यातील एक काच पारदर्शक आणि एक तिसऱ्या श्रेणीची, म्हणजे ८ ते १८ टक्के प्रकाश आत सोडणारी. दोन्हींवर यूव्ही ४०० लिहिलेले असावे. तुळजापूरकडे जाताना सकाळचे ऊन उजव्या बाजूने येते आणि ज्वारीच्या काढणीच्या दिवसांत भुसा उडत असतो, त्यामुळे काच कानशिलापर्यंत वळलेली असावी.

वेटसूट

वेटसूटबाबत निर्णय बहुधा नियमच करून टाकतात. आयर्नमॅनच्या स्पर्धांत हौशी स्पर्धकांना पाण्याचे तापमान २४.५ अंश सेल्सिअसपर्यंत असेल तर वेटसूट चालतो. त्याच्या वर २८.८ अंशांपर्यंत तो घालता येतो, पण पारितोषिकाचा हक्क जातो, आणि त्याहून गरम पाण्यात त्याला बंदी आहे. वर्ल्ड ट्रायथलॉन या जागतिक संघटनेच्या नियमांत १,५०० मीटरपर्यंतच्या पोहण्यासाठी ही मर्यादा २२ अंशांचीच आहे. वेटसूटच्या रबराची, म्हणजे निओप्रीनची, जाडी कुठेही ५ मिलिमीटरच्या वर चालत नाही. गोव्याचा समुद्र ऑक्टोबर-नोव्हेंबरात २८ अंशांच्या आसपास असतो. म्हणजे गोवा हेच ध्येय असलेल्या सोलापूरकराने वेटसूटवर एक रुपयाही खर्च करू नये. डिसेंबरच्या पहाटे हिप्परग्याच्या काठावर वाऱ्याने अंगावर काटा येतो खरा, पण पाण्यात दहा मिनिटे हात मारले की थंडी जाते. बाहेर आल्यावर लागतो तो आपला सोलापुरी टॉवेल आणि जाड जॅकेट.

वेटसूटऐवजी अशा पाण्यात स्विमस्किन हा कापडी, रबर नसलेला पोशाख ट्रायसूटवरून, म्हणजे तिन्ही प्रकारांत अंगावर राहणाऱ्या पोशाखावरून, घालता येतो. तो पाण्याचा विरोध किंचित कमी करतो, तरंगवत नाही. पहिल्या स्पर्धेला अंगाला नीट बसणारा ट्रायसूट पुरेसा आहे आणि स्विमस्किनचे पैसे पोहण्याच्या प्रशिक्षकाला द्यावेत.

हॅम्बर्ग किंवा कोपनहेगनसारख्या थंड पाण्याच्या स्पर्धेला जायचे असेल तर चित्र बदलते. तिथे वेटसूट ऊब देतोच, शिवाय पाय वर तरंगवतो, आणि ज्याचे पाय पाण्यात खाली जातात अशा माणसाला हा फायदा कसलेल्या जलतरणपटूपेक्षा कितीतरी जास्त होतो. बिनबाह्यांच्या सूटमध्ये खांदे मोकळे राहतात व तो स्वस्त असतो, पण काखेतून पाणी आत येते. पूर्ण बाह्यांचा सूट अधिक उबदार व वेगवान असतो, मात्र खांद्यावरचे निओप्रीन दीड-दोन मिलिमीटर इतके पातळ नसेल तर हात उचलताना दर वेळी रबर ताणावे लागते. माप असे असावे की कोरड्यात तो गैरसोयीचा घट्ट वाटावा, पण श्वास पूर्ण घेता यावा, आणि पाठीच्या कमरेजवळ पोकळी राहू नये. घालताना नखांऐवजी बोटांच्या पेरांनी तो थोडा-थोडा वर सरकवावा, कारण नखाची एक चीर पुढे वाढत जाते.

एकाच परदेशी स्पर्धेसाठी जायचे असेल तर भाड्याने मिळतो का ते आधी विचारावे. विकत घेतलाच तर सरावासाठी तो हिप्परग्यात वीस मिनिटांपेक्षा जास्त वेळ अंगावर ठेवू नये, कारण आपल्या पाण्यात त्यात शरीर लवकर तापते, आणि पोहायला जाताना सोबतीला माणूस व कमरेला केशरी बोया असल्याशिवाय उतरू नये, कारण काठालगत कोळ्यांची जाळी असतात. घरी आल्यावर सूट गोड्या पाण्यात बुचकळून, उलटा करून, गच्चीवर उन्हात न टाकता घरात पंख्याखाली जाड हँगरवर वाळवावा. आपल्या उन्हाळ्यात गच्चीवर विसरलेल्या सूटचे रबर कडक होऊन शिवणीजवळ तडकू लागते.