आबांच्या नंबरवरून फोन येतोय? संचार साथी कुठवर कामाचं, आणि काउंटरवर कधी जावंच लागतं

रक्षाविसर्जन होऊन आठ-नऊ महिने झालेत. संध्याकाळी धार काढून झाली, कॅन डेअरीला गेला, आणि फोन वाजतो. स्क्रीनवर नाव 'आबा'. मागं फोटोही आबांचाच, फेटा बांधलेला. उचलला तर पलीकडं नुसती खरखर, नाहीतर कुणीतरी "कोण बोलताय?" असं आपल्यालाच विचारतं. गगनबावड्याकडच्या किंवा शाहूवाडीतल्या एखाद्या वाडीत असा एक फोन आला, की दुसऱ्या दिवशी दूध घालायच्या रांगेत त्याचे चार फोन झालेले असतात. मग पिंडाला कावळा वेळेवर शिवला होता का, इथपर्यंत विषय जातो.

'आबा' हे नाव पलीकडून येत नाही. ते तुमच्याच फोनमध्ये सेव्ह आहे, फोटोही तिथलाच. फोन फक्त आलेला आकडा यादीशी जुळवतो. म्हणजे एवढंच कळतं, की तो दहा आकडी नंबर आज कुणाच्या तरी सिमवर चालू आहे, किंवा कुणीतरी तसा भासवतंय. यातलं काय आहे ते ओळखायला आणि पुढचं निस्तरायला दूरसंचार विभागाची 'संचार साथी' ही फुकट सेवा बरेच जण सुचवतात. पोर्टल मे २०२३ पासून आहे, ॲप जानेवारी २०२५ पासून, आणि ॲप मराठीतही चालतं. हे परीक्षण एकाच कामापुरतं आहे: घरातलं माणूस गेल्यावर त्याच्या नंबरसाठी ही सेवा किती उपयोगी? आमचे गुण पाचपैकी तीन. हरवलेल्या फोनसाठी चोख, नावावरची सिमं बघायला चांगली, पण मृताचा नंबर बंद करायला किंवा वारसाच्या नावावर घ्यायला हिचा जवळपास उपयोग नाही.

ॲप उघडण्याआधी दिवस मोजा. प्रीपेड सिमवर सलग ९० दिवस काहीच वापर नसेल, म्हणजे आलेला-गेलेला कॉल नाही, पाठवलेला मेसेज नाही, नेट नाही, तर कंपनी ते बंद करू शकते. खात्यात २० रुपये किंवा जास्त शिल्लक असतील तर ते कापून आणखी ३० दिवस मिळतात. त्यानंतर सिम परत चालू करून घ्यायला १५ दिवसांची सवलत. मग नंबर कायमचा बंद होतो, आणि त्यानंतर किमान ९० दिवस तो दुसऱ्या कुणाला देता येत नाही. ९० अधिक १५ अधिक ९० म्हणजे १९५ दिवस, साडेसहा महिने. ही कमीत कमी मुदत झाली, प्रत्यक्षात जास्तही लागतात. पण हिशेब असा, की वर्षश्राद्ध व्हायच्या आधीच आबांचा नंबर कागल किंवा कराडमधल्या एखाद्या पोराच्या नव्या सिमवर गेलेला असू शकतो. आणि तो पोरगा तुम्हाला फोन का करेल? कारण तुमच्या आत्यानं सवयीनं किंवा चुकून त्या नंबरला आधी फोन लावलेला असतो. तो मिस्ड कॉल बघून उलटा फोन करतो, एवढंच.

शेवटचा वापर होऊन साडेसहा महिने उलटले असतील तर बहुतेक वेळा गोष्ट हीच निघते. झाले नसतील तर सिम अजून आबांच्याच नावावर आहे. मग आधी घरात बघायचं: फोन कपाटात आहे का, नातवाच्या हातात आहे का, की आयसीयूच्या धावपळीत हॉस्पिटलमध्येच राहिला. कीपॅडचा फोन लॉक नसला की पिशवीत दाबला जाऊन शेवटच्या नंबराला लागतो, आणि आबांचा शेवटचा नंबर बहुधा घरचाच असतो.

व्हॉट्सॲपचा घोळ वेगळा आहे आणि लोकांना तोच जास्त हलवतो. खातं १२० दिवस वापरात नसलं की व्हॉट्सॲप ते आपोआप काढून टाकतं. तेव्हा भावकीच्या ग्रुपवर, लग्नाच्या फोटोंच्या आणि गुड मॉर्निंगच्या मध्ये, करड्या अक्षरांत एक ओळ येते, की आबा ग्रुपमधून बाहेर पडले. माणूस जाऊन चार महिने झालेले, आणि ही ओळ अशी मध्यरात्री कधीतरी. पुढं नंबर नव्या माणसाकडं गेला, की त्याच नावाखाली गॉगल घातलेल्या कुणाचा तरी फोटो दिसतो. ४५ दिवस बंद पडलेला नंबर नव्या फोनवर सुरू झाला तर जुन्या खात्याचा डेटा काढला जातो, त्यामुळे नव्या माणसाला आबांच्या गप्पा वाचायला मिळत नाहीत. ती भीती नको.

आता सेवेकडं येऊ. पहिलं उपयोगी दालन म्हणजे आपल्या नावावर किती मोबाइल कनेक्शन आहेत ते दाखवणारं. नंबर टाका, ओटीपी टाका, त्या माणसाच्या ओळखीवर निघालेल्या सिमांची यादी येते. आकडे अर्धे झाकलेले असतात. एका माणसाच्या नावावर जास्तीत जास्त ९ सिम चालतात, आणि आपल्याकडं एकाच कर्त्या माणसाच्या आधारवर चार-पाच निघालेली असतातच. यात मेख अशी, की ओटीपी त्याच नंबरवर येतो. आबांचं सिम बंद झालं की यादीचं दार बंद. म्हणून हे काम पहिल्या पंधरवड्यात, सिम चालू असतानाच करायचं. यादीचा स्क्रीनशॉट काढायचा आणि थांबायचं. प्रत्येक नंबरापुढं 'माझा नाही', 'नको', 'हवा' असे पर्याय असतात. दुःखाच्या गडबडीत सगळ्यांना 'नको' दाबणारे महाभाग आहेत. त्या यादीत पुण्याला कंपनीत असलेल्या थोरल्या पोराचं सिमही असतं, दहावीत असताना वडिलांच्या नावावर घेतलेलं. ते बंद पडलं की त्याचा बँकेचा ओटीपी गेला. ॲपनं इथं आणखी एक सूचना दाखवायला हवी होती.

हरवलेल्या फोनचं दालन खरोखर चांगलं आहे. पोलीस तक्रारीची प्रत, फोनचं बिल आणि १५ आकडी आयएमईआय (हँडसेटचा ओळख क्रमांक) दिला की साधारण २४ तासांत तो हँडसेट देशभरातल्या नेटवर्कवर ब्लॉक होतो. आयएमईआय खोक्यावर छापलेला असतो. फोन हातात असताना *#०६# दाबूनही दिसतो, तो आजच वहीत लिहून ठेवा. दोन सिमच्या फोनला दोन आयएमईआय असतात, दोन्ही द्या. लक्षात ठेवायचं ते एवढंच, की यानं हँडसेट बंद होतो, सिम नाही. सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घातलं तर आबांच्या नावानं कॉल येतच राहतील. त्यासाठी कंपनीला वेगळं कळवावं लागतं.

तिसरं 'चक्षू', मार्च २०२४ पासूनचं. फसवणुकीचा संशय असलेला कॉल, मेसेज किंवा व्हॉट्सॲप इथं कळवायचं, तेही गेल्या ३० दिवसांतलं. तारीख, वेळ, नंबर, स्क्रीनशॉट आणि दोन ओळीत काय झालं ते. तक्रार झालेल्या नंबराची कंपनीकडून फेरतपासणी होऊ शकते. म्हणूनच नुसतं 'आबांच्या नंबरवरून कुणीतरी बोलतं' म्हणून इथं तक्रार ठोकू नका. रीतसर सिम घेतलेल्या त्या पोराचा काय दोष? त्याला सरळ सांगा: हा नंबर आधी आमच्या वडिलांचा होता, आमच्या लोकांचे फोन आले तर राग मानू नका. नव्वद टक्के प्रकरण तिथंच मिटतं. चक्षू वापरायचं ते पलीकडचा माणूस आबांचं नाव सांगून पैसे, ओटीपी किंवा विम्याची कागदपत्रं मागत असेल तेव्हा. पैसे गेलेच असतील तर चक्षूवर वेळ घालवू नका, लगेच १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा.

परदेशातून इंटरनेटवरून केलेला कॉल भारतीय नंबर दाखवून येतो, त्याच्या तक्रारीलाही वेगळी जागा आहे. असे कॉल वाटेतच अडवणारी यंत्रणा ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली आणि पहिल्या २४ तासांत १.३५ कोटी कॉल अडवल्याचं सरकारनं सांगितलं होतं. ओळखायची खूण: तुम्ही त्याच नंबराला उलटा फोन लावला तर बऱ्याचदा 'अस्तित्वात नाही' किंवा 'बंद आहे' ऐकू येतं. आवाजाची नक्कल करून 'मी आबाच बोलतोय' असं कुणी म्हटलं, तर घरातल्या म्हशीचं नाव विचारा. नक्कल करणाऱ्या यंत्राला ते ठाऊक नसतं.

आता जिथं गुण कापले ते. मृत्यू दाखला अपलोड करा आणि नंबर बंद करा, किंवा वारसाच्या नावावर करा, अशी सोय या सेवेत नाही. त्यासाठी कंपनीच्या काउंटरवरच जावं लागतं: मृत्यू दाखला, वारसाचं आधार, नातं दाखवणारं कागदपत्र, आणि दोन-तीन भाऊ असतील तर बाकीच्यांचं संमतीपत्र तयार ठेवलेलं बरं. कंपनीनुसार यादी बदलते, आधी फोनवर विचारून जा. गल्लीतल्या रिचार्जच्या दुकानात हे होत नाही. कंपनीचं स्वतःचं दालन गाठायचं. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत झालेली असेल तर दाखल्याला अडचण येत नाही. दाखल्याच्या पाच-सहा प्रती एकदमच घ्या.

पण बंद करायची घाई करू नका, कारण त्या सिमवर अर्धं घर लटकलेलं असतं. बँक आणि सेवा सोसायटीचं कर्जखातं, दूध संस्थेचं बिल, कारखान्याच्या वजनकाट्याचा मेसेज, गॅस, वीजबिल, पीएम-किसानचा ओटीपी. उसाची खेप गेली आणि टनाचा मेसेज बंद सिमवर गेला, तर वजन किती भरलं ते कळायला गटऑफिसला खेटे. म्हणून क्रम असा ठेवा: किमान वैधतेचं रिचार्ज मारून सिम चालू ठेवायचं, एकेका ठिकाणी दाखला देऊन वारसाचा नंबर लावायचा. पीएम-किसानचा हप्ता मात्र नंबर बदलून चालू ठेवायचा नसतो, मृत्यू कळवून थांबवायचा असतो; नाहीतर पुढं वसुली निघते. आधारसाठी जून २०२५ पासून मायआधार पोर्टलवर कुटुंबातल्या माणसाचा मृत्यू कळवायची सोय आहे. नात्यातल्या कुणीतरी स्वतःच्या आधारनं लॉगिन करायचं, मृत्यू नोंदणी क्रमांक हाताशी ठेवायचा. हे सगळं झालं की व्हॉट्सॲपच्या सेटिंगमधून खातं डिलीट करायचं, आणि शेवटी सिम. मध्यरात्रीच्या त्या करड्या ओळीपेक्षा आपण आधीच ग्रुपवर सांगून खातं काढलेलं बरं.

आणखी एक गोंधळ नावाचा आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये ट्राय या दूरसंचार नियामकानं शिफारस केली, की कॉल करणाऱ्याचं सिमच्या अर्जावर असलेलं नाव समोरच्याला दिसावं. म्हणजे आबांच्या नावावरचं सिम धाकटा वापरत असेल, तर अनोळखी माणसाच्या स्क्रीनवरही आबाच फोन करताना दिसणार. अनोळखी नंबराचं नाव दाखवणाऱ्या ट्रूकॉलर ॲपवर तर ते आधीपासूनच होत आलंय, कारण तिथलं नाव लोकांच्या फोनबुकातून जातं. म्हणून घरातली जी सिमं गेलेल्या माणसाच्या नावावर आहेत ती वापरणाऱ्याच्या नावावर करून घ्या.

जुन्या तांब्याच्या तारेचा लँडलाइन ज्यांच्याकडं अजून आहे त्यांच्यासाठी एवढंच: पावसाळ्यात घंटी वाजून पलीकडं कुणीच नसेल तर भुताआधी सांधा तपासा. राधानगरी-गगनबावड्याच्या पावसात जोडणीत पाणी शिरलं की तारा एकमेकींत गळतात, शेजारच्या लाइनचं बोलणं खोल विहिरीतून आल्यासारखं ऐकू येतं आणि घंटी अर्धवट टुणटुणते. घरातलं यंत्र काढून ठेवा, दुसरं लावून बघा. तरी खरखर राहिली तर दोष बाहेरच्या तारेत, तक्रार नोंदवा. ऊन पडून तार वाळली की आपोआप थांबलं, म्हणजे निदान पक्कं.

ॲप बसवताना एक किरकोळ अडचण: अँड्रॉइडवर नोंदणीसाठी सिममधून एक एसएमएस जातो. पॅक संपलेल्या सिमवर तो जात नाही आणि ॲप अडकल्यासारखं वाटतं. तेवढ्यासाठी ॲप काढून परत टाकत बसू नका, ब्राउझरमध्ये पोर्टल उघडा. काम तेच होतं.

आणि तुमच्या फोनमधला 'आबा' डिलीट करायची गरज नाही. आधी त्यांचे व्हॉइस मेसेज आणि फोटो दुसरीकडं उतरवून घ्या, मग नाव बदलून 'आबा जुना नंबर' करा आणि फोटो काढा. घरात आजीचा फोन असेल तर त्यात स्पीड डायलवर अजून तोच नंबर असतो. तिथं धाकट्याचा लावून द्या.